करवत दरवेळी डावीकडंच पळते? नवी घ्यायच्या आधी हे करून पाहा

रेघ गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून मारली, करवत बरोबर रेघेवर टेकवली, पहिले चार हात मस्त गेले आणि अर्ध्यात पोहोचेपर्यंत पातं रेघ सोडून डावीकडं सरकलं. लाकूड पालटून मागून बघितलं तर दोन मिलिमीटरचा फरक. दुसरा काप घेतला, तो पण डावीकडं. मग आपण काय करतो, मूठ घट्ट आवळून पातं उजवीकडं दाबतो, त्यानं पातं चिरेत अडकतं, काप धनुष्यासारखा वाकडा येतो आणि सांधा बसवला की त्यातून उजेड दिसतो. हा रोग दर महिन्याला कोणाला ना कोणाला होतो, फोटो पाठवतात आणि विचारतात, भाऊ, कोणती करवत घेऊ. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. कारण मी पण हेच विचारत फिरत होतो आणि उत्तर म्हणून अडीच वर्षांत तीन करवती घेतल्या, तिन्ही डावीकडं गेल्या.

माझं काम काही मोठं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात शेती, कापूस-सोयाबीन, गोठ्याला लागून टिनाचं शेड आहे, त्यात सवड मिळेल तसं देवघर, चौरंग, मसाल्याचे डबे आणि श्रावण लागला की तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी. घरात कोणी सुतार नव्हतं, त्यामुळं जे शिकलो ते व्हिडिओ बघून आणि लाकूड खराब करून.

तिसऱ्या करवतीनं देवघराच्या ड्रॉवरचा डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या खाचांचा सांधा, बिघडवला त्या दिवशी मी लाकडालाच शिव्या देत बसलो होतो, तेवढ्यात काकाजी आले. काकाजी म्हणजे शेजारचे जुने सुतार, आयुष्यभर बंड्या (बैलगाड्या), तिफणी, वखर, डवरे केले, आता डोळ्याला कमी दिसतं. त्यांनी करवत घेतली, दात वर करून दाराच्या उजेडाकडं धरली, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अंगठा पाठीकडून दाताकडं अलगद नेला आणि दाताच्या पुढं हवेत सोडून दिला, पातं पालटलं, दुसऱ्या बाजूनं तसंच केलं. म्हणाले, "काऊन गा, हिचा डावा अंग जागा हाय अन् उजवा झोपला हाय. जागा हाय तिकडंच जाईन नं थे."

सगळी गोष्ट एवढ्या एका वाक्यात आहे, पण मला ती नीट समजायला आणखी सहा महिने लागले, ते पुढं सांगतो.

आधी ठरवा दोष कोणाचा

करवत, लाकूड आणि तुम्ही, तिघांपैकी एकाचा. अंदाजानं नाही, कापून ठरवायचं. एक सुकी, सरळ रेषांची, बिनगाठीची पट्टी घ्या (माझ्याकडं आरा मशीनवरून आणलेल्या सागाच्या कापट्या असतात), शिकंज्यात (लाकूड आवळून धरायच्या वाइसमध्ये) धरा, चाकूनं रेघ मारा आणि इंचभर खोल कापा. मूठ एवढी सैल धरा की कोणी मागून ओढली तर करवत हातातून निघून जाईल, आणि काहीही झालं तरी पातं वळवायचं नाही, जाते तिकडं जाऊ द्यायचं. आता पट्टी उलटी पालटा, म्हणजे जो भाग तुमच्याकडं होता तो पलीकडं, आणि बाजूलाच दुसरा काप घ्या. आधी डावीकडं गेली आणि पट्टी पालटल्यावर उजवीकडं गेली तर लाकडाच्या रेषा ओढून राहिल्या आहेत. दोन्ही वेळा डावीकडंच गेली तर लाकूड सुटलं. मग करवत दुसऱ्या कोणाच्या हातात द्या, बायको असो पोरगं असो, त्याला फक्त सैल धर म्हणा. त्याच्याही हातात डावीकडं गेली तर करवत दोषी, सरळ गेली तर तुमचा खांदा दोषी. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न करता लोक दोन-अडीच हजार उडवतात, मी त्यातलाच.

करवतीचा दोष असेल तर दहात आठ वेळा हे असतं

करवतीचे दात एक डावीकडं, एक उजवीकडं असे आळीपाळीनं किंचित वाकवलेले असतात, त्याला सेट म्हणतात, काकाजी त्याला दात फाकवणं म्हणतात. यानं चीर पात्यापेक्षा थोडी रुंद पडते आणि पातं घासत नाही. किंचित म्हणजे किती, तर बारीक कामाच्या करवतीचं पातं अर्धा मिलिमीटर जाड असतं आणि चीर ०.६५ मिलिमीटरच्या आसपास पडली तरी सुक्या सागाला पुरे होते. म्हणजे एका बाजूला वहीच्या कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. आता एका बाजूचे दात दुसरीपेक्षा कागदभर जास्त बाहेर असले किंवा जास्त धारदार असले तर त्या बाजूचं लाकूड जास्त खाल्लं जातं, तिकडं जागा होते आणि पातं त्या जागेत सरकतं. डावे दात जास्त म्हणजे करवत डावीकडं जाणार.

बघायची एक जुनी पद्धत आहे, सुईची. करवत दात वर करून आडवी धरा आणि दातांच्या दोन रांगांमधल्या नालीत शिवायची बारीक सुई ठेवून पातं हळूच तिरपं करा. सेट सारखा असेल तर सुई मुठीपासून टोकापर्यंत घसरगुंडीसारखी जाते, आणि जिथं एखादा दात आत किंवा बाहेर असेल तिथं अडकते नाहीतर बाजूला पडते. फार बारीक दातांवर सुई ठरत नाही, तिथं अंगठा आणि उजेड.

उपाय मात्र फुकटात आहे. सपाट पाटावर करवत आडवी झोपवा, मूठ पाटाच्या बाहेर लटकू द्या, ज्या बाजूला ती पळते ती बाजू वर. धार लावायचा बारीक दगड (ऑइलस्टोन) किंवा डायमंड प्लेट पात्यावर पूर्ण सपाट ठेवा, अर्धी पात्यावर अर्धी दातांवर, आणि मुठीपासून टोकापर्यंत एकच हात फिरवा. वजन फक्त दगडाचं, तुमचं नाही. मग पट्टीवर काप घेऊन बघा. फरक पडला पण पुरता नाही पडला तर अजून एक. तिसऱ्याच्या पुढं जाऊ नका, कारण तिसऱ्यानं पण होत नसेल तर कारण दुसरं आहे आणि तुम्ही उगाच सेट खाऊन टाकाल, मग पातं चिरेत आवळलं जाईल. माझी करवत काकाजींनी दोन हातात सरळ केली. अडीच वर्षं, तीन करवती आणि दगडाचे दोन हात, राग येईल की नाही.

दोन्ही बाजूंनी सेट जास्त असेल, म्हणजे चिरेत पातं खुळखुळतं, तर करवत वाकडी जाईलच असं नाही पण तिला रेघेवर ठेवायला काही धरच नसतो, ती कधी डावीकडं कधी उजवीकडं. अशा वेळी दातांच्या दोन्ही बाजूंना कागदाची एक-एक घडी ठेवून गुळगुळीत जबड्याच्या शिकंज्यात थोडं थोडं सरकवत दाबून घ्या, सेट कमी होतो. कडक केलेल्या दातांच्या करवतीवर हे करू नका. त्या दातांची टोकं निळी-काळी दिसतात, ती मशीनवर विजेनं तापवून कडक केलेली असतात, वाकत नाहीत, तुटतात. त्यांना कानसही लागत नाही, कानसच गुळगुळीत होऊन जाते. दगडाचा हलका हात तेवढा चालतो.

पहिल्या दोन करवती माझ्याच मूर्खपणानं गेल्या

पहिली तालुक्याच्या हार्डवेअरमधून घेतली, साडेतीनशेची, अठरा इंची, इंचात सात-आठ दात, सेट एवढा की लांबूनही दिसायचा. दुकानदार म्हणाला, सब कटते इससे. खरंच सब कटते, दाराची चौकट, टिनाखालचे फाटे, प्लाय, सगळं. पण मी तिनं बारा मिलिमीटरच्या फळीवर डव्हटेल पाडायला निघालो होतो. बारा मिलिमीटरच्या जाडीत तिचे जेमतेम साडेतीन दात बसतात, मग ती कापत नाही, लाकडाच्या काठावर धडकून उड्या मारते आणि उडी मारली की रेघ सोडते. साधारण सहा ते बारा दात एका वेळी लाकडात असले की करवत शांत चालते. त्याच फळीत इंचाला पंधरा दातांची करवत टाकली तर सात दात बसतात. उलटंही खरं आहे. तीन इंच रुंद कुसू, म्हणजे खाचेत जाणारी जीभ, तिचा गाल (रुंद बाजू) जर पंधरा दातांच्या करवतीनं चिरायला घेतला तर चाळीसच्या वर दात लाकडात अडकलेले, दोन दातांमधल्या खळग्यात भुसा मावत नाही, गच्च भरतो, करवत पुढं जाईना म्हणून तुम्ही दाबता, आणि दाबलं की ती भरकटते. त्यामुळं बारीक दात म्हणजे बारीक काम हे डोक्यातून काढून टाका. घेताना एक बघा, काही कंपन्या इंचातले पूर्ण दात मोजतात आणि काही टोकं मोजतात, टोकांचा आकडा एकानं जास्त येतो, फसू नका.

दुसरी गोष्ट दाताच्या आकाराची, आणि ही मला कोणी सांगितलीच नव्हती. लाकूड म्हणजे तुराट्यांची घट्ट बांधलेली मोळी समजा. मोळी आडवी कापायची तर प्रत्येक काडी सुरीनं तोडावी लागते. उभी फाडायची तर काड्यांच्या मधून पटाशी घालून सोलत जायचं. करवतीचेही तेच दोन प्रकार. उभं चिरायच्या करवतीचा, रिप म्हणतात, प्रत्येक दात छोटी पटाशी असतो, समोरून चपटा, जवळजवळ उभा, कानस पात्याला काटकोनात धरून घासलेला. आडवं कापायच्या करवतीचा, क्रॉसकट, दात थोडा मागं झुकलेला, पंधरा अंशाच्या आसपास, आणि कानस तिरपी धरून घासल्यामुळं त्याला सुरीसारखी धार आणि टोक. क्रॉसकट करवतीनं उभं चिरायला गेलात तर सुऱ्या काड्यांच्या मध्ये घुसतात आणि काड्या जातील तिकडं जातात, म्हणजे लाकडाची रेष वाकडी तर काप वाकडा. रिपनं आडवं कापलं तर सरळ जाईल पण मागचा काठ चिंध्या-चिंध्या. डव्हटेलचे काप जवळजवळ पूर्ण उभ्या रेषेत असतात म्हणून त्याला रिप दात लागतो, कुसूच्या गालाला रिप आणि कुसूच्या खांद्याला, म्हणजे जीभ जिथून सुरू होते त्या पायरीला, क्रॉसकट. माझी दुकानातली करवत दोन्हीच्या मधली होती, ना धड पटाशी ना धड सुरी.

म्हणून बारीक सांधेकामाला पाठीवर पितळेची किंवा लोखंडाची पट्टी असलेली करवत लागते. पट्टीमुळं पातळ पातं ताठ राहतं. त्यात लहानी डव्हटेलची, आठ-दहा इंच, इंचाला पंधरा ते वीस टोकं. मधली कारकस, अकरा-बारा इंच, बारा-चौदा टोकं, बहुतेक क्रॉसकट, फळीचे टोक आणि खांदे कापायला. मोठी टेनन, चौदा-सोळा इंच, दहा-बारा टोकं, गाल चिरायला. तिन्ही घ्यायची गरज नाही. एकच घ्यायची असेल तर मी बारा इंची, तेरा-चौदा टोकांची घेईन, रिप दाताची, आणि आडव्या कापाला आधी चाकूनं खोल रेघ मारून घेईन म्हणजे चिंध्या होत नाहीत. यावर लोक भांडतात, भांडू द्या.

दुसरी करवत जपानी, ऑनलाइन मागवली, र्‍योबा, एका काठाला रिप एका काठाला क्रॉसकट. काय कापते बाप्पा ती. ती ओढताना कापते, ढकलताना नाही, ओढलं की पातं ताणलं जातं म्हणून एवढं पातळ असूनही वाकत नाही. पाठीवाली दोझुकी तर आणखी पातळ येते, तिचं पातं ०.३ मिलिमीटरचं, पण पाठ आडवी येते म्हणून खोल जात नाही. सागावर, कडुनिंबावर, शिवणीवर मजा आली. मग एका माणसाला जुन्या बंडीच्या बाभळीचा पाट पाहिजे होता. सुकी बाभूळ, चाळीस वर्षं उन्हात तापलेली, त्यात गाठ. कटकट असा आवाज आला, मला वाटलं खिळा आहे, बघतो तर क्रॉसकट बाजूचे चार दात सपाट आणि एका बाजूचे जास्त तुटलेले. त्या क्षणापासून ती पण डावीकडं. ते दात लांब, बारीक, जपानमधल्या मऊ सूचीपर्णी लाकडासाठी केलेले, वरून कडक केलेले, ते घासता येत नाहीत, पातंच बदलावं लागतं. दोष करवतीचा नाही, बाभळीवर नेली तो माझा. काकाजीला दाखवली तर त्यांना तिचं नवल नाही वाटलं, त्यांनी घरून एक जुनी आरी आणून दाखवली, तिचेही दात मुठीकडं झुकलेले, जमिनीवर बसून पायानं लाकूड दाबायचं आणि स्वतःकडं ओढायचं. बसून काम करणाऱ्याला ओढायची करवत सोयीची, उभं राहून टेबलावर करणाऱ्याला ढकलायची. तुमचं टेबल नसेल तर हा मुद्दा लक्षात ठेवून घ्या.

कानस मारली की पुन्हा तोच रोग

आता ते सहा महिने. काकाजींनी दगड मारून दिला, तिसरी करवत, पाठीची, सरळ चालली. दोन महिन्यांनी धार गेली. सागामध्ये सिलिका असते, वाळूचाच भाऊ समजा, त्यामुळं साग हाताला मऊ लागतो पण दात लवकर खातो. आपल्या आलापल्ली-बल्लारशाकडच्या सागाचं एवढं नाव, २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिरासाठी इकडूनच साग गेला, आणि ज्यानं तो कापला त्याच्या कानसीचा खर्च कोणी विचारला नाही. तर धार गेली, मी तिकोनी कानस मारली, करवत पुन्हा डावीकडं. दगड मारला, सरळ झाली. परत दोन महिन्यांनी कानस, परत डावीकडं. तिसऱ्या वेळी मी कानस मारताना काकाजी बाजेवर बसून होते, मला म्हणे, "तू एकाच अंगानं उभा रायतं का रोज?"

हो. मी करवत शिकंज्यात दात वर करून धरायचो, मूठ माझ्या उजव्या हाताला, आणि सगळेच्या सगळे खळगे माझ्याकडून पलीकडं घासत जायचो. कानस जिथून बाहेर पडते त्या बाजूला लोखंडाची बारीक कुसर, म्हणजे काठावर उभी राहिलेली खरखरीत कड, निघते, डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला लागते. करवत अशी धरली तर पलीकडची बाजू म्हणजे कापताना डावी बाजू. म्हणजे प्रत्येक धारेला मी स्वतः डाव्या दातांना कुसर चढवत होतो आणि मग दगडानं तीच काढत होतो.

तेव्हापासून असं करतो. आधी सपाट कानस दातांच्या माथ्यावरून एकदा लांब फिरवायची, म्हणजे सगळी टोकं एका उंचीला येतात आणि प्रत्येक टोकावर बारीक चमकणारा ठिपका दिसतो. मग तिकोनी कानस, स्लिम टेपर मागा, आणि साइज अशी घ्या की दाताची खोली कानसीच्या एका पाठीच्या निम्म्याहून थोडी कमी असावी, मोठी घेतली तर खळग्याचा तळ गोल होतो. एक खळगा सोडून एक घासायचा, पेनानं खूण करून ठेवा नाहीतर मोजता मोजता चुकता. सगळे एकाआड एक झाले की करवत शिकंज्यातून काढून फिरवून लावायची, मूठ आता डाव्या हाताला, आणि राहिलेले खळगे या बाजूनं. कुसर दोन्हीकडं सारखी वाटली जाते. चमकणारा ठिपका जेमतेम नाहीसा होईपर्यंतच घासायचं, सुताएवढंही जास्त नाही. कानस पुढं जाताना लावायची, मागं आणताना उचलायची. शेवटी दोन्ही बाजूंना दगडाचा एक-एक हलका हात. मोजून बारा इंची करवतीला मला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि वर्ष झालं, डावीकडं गेली नाही. सेट दरवेळी द्यायची गरज नसते, तीन-चार धारा झाल्या की पातं आवळायला लागतं तेव्हा सॉ-सेटनं (दात वाकवायच्या चिमट्यानं) द्यायचा, तोही दाताच्या वरच्या अर्ध्यालाच वाकवायचा, मुळातून वाकवला तर दात तुटतो.

बाकी कारणं, जी कमी पण असतात

पातंच वाकडं असेल. दात वर करून एका डोळ्यानं टोकापर्यंत बघा, बंदुकीचा नेम धरल्यासारखं. पाठीच्या करवतीत पातं पट्टीमध्ये नुसतं घट्ट बसवलेलं असतं, पडली की पट्टी सरकते आणि दाताच्या काठाला लहर येते. माझी पोरानं पाडली होती. टोकाकडच्या बाजूनं पट्टीवर लाकडी हातोडीनं हलक्या टपक्या देऊन पट्टी पुन्हा नीट बसवली की बऱ्याचदा लहर जाते. घडी पडली असेल तर मात्र नाद सोडा.

चीर मिटत असेल. ओलं लाकूड किंवा आतून ताण असलेलं लाकूड कापता कापता चीर आवळतं आणि पातं धरून ठेवतं. मागं चिरेत बारीक पाचर घाला. ओल्या बाभळीला सेट जास्तच लागतो, तिथं बारीक करवत नेऊच नका. चीक आणि भुसा पात्याला चिकटला असेल तर पूर्वी रॉकेलनं पुसायचे, आता रॉकेल मिळते कुठं, टर्पेंटाइन चालतं. वरून मेणबत्ती घासा. पावसाळ्यात शिलाई मशीनचं तेल लावून ठेवा, खोबरेल लावू नका, त्याचा चिकटा होतो आणि मुंग्या लागतात. दोन्ही अनुभवलं.

आणि तुमचा खांदा दोषी निघाला असेल तर. करवत, मनगट, कोपर, खांदा एका रेषेत यायला पाहिजे आणि कोपर अंगाला न घासता मागं-पुढं जायला जागा पाहिजे. माझा प्रॉब्लेम हा होता की शिकंजा भिंतीजवळ होता, कोपर भिंतीला लागू नये म्हणून मी हात आत घ्यायचो. शिकंजा दीड फूट सरकवला. मुठीत तीन बोटं, पहिलं बोट पात्याच्या दिशेनं सरळ ठेवा, यानं आपोआप मूठ आवळायची कमी होते. सुरुवात करताना करवतीचं वजन हातावर उचलून धरा, दात लाकडाला नुसते शिवू द्या, कारण पहिल्या तीन-चार हातांत जी दिशा लागली तीच शेवटपर्यंत राहते, पाठीची करवत खोल गेल्यावर वळत नाही. पात्यात लाकडाच्या काठाचं प्रतिबिंब दिसतं, चकचकीत पातं असेल तर, ते प्रतिबिंब खऱ्या काठाच्या सरळ रेषेत दिसलं म्हणजे करवत काटकोनात आहे, तुटलेलं किंवा वाकलेलं दिसलं म्हणजे नाही. गुण्यापेक्षा मला हे जास्त उपयोगी पडतं. मे महिन्यात दुपारी टिनाच्या शेडमध्ये पंचेचाळीस डिग्रीत हे सगळं विसरा, घाम रेघेवर पडतो, मूठ घसरते, सकाळी सात ते दहा काय कापायचं ते कापा.

नंदीचे पाय आणि शिंगं कापायच्या कोपिंग करवतीला वरचं सगळं लागू नाही. तिचं पातं फ्रेममध्ये ताणलेलं असतं, ती भरकटली तर नव्वद टक्के ताण कमी असतो किंवा वरची-खालची पिन एका रेषेत नसते आणि पातं पीळ खाऊन राहतं. पिना सरळ करा, मूठ फिरवून आवळा, बोटानं टिचकी मारली की टण्ण आवाज यायला पाहिजे, भद्द नाही. पातं चार नंदीला एक या हिशोबानं जातं, त्याला धार लावत बसू नका.

सुईनं तपासल्यावर सुई लगेच डब्यात परत ठेवा. आमच्या शेडमध्ये दोन हरवल्या, एक भुशात सापडली, दुसरी आईला सापडली, पायाला.